पेणचं पोर आणि पेन नंबर



दिल्लीच्या शिक्षण खात्यानं शाळकरी पोरांना एक नंबर द्यायला घेतलाय. अकरा आकडी. नाव परमनंट एज्युकेशन नंबर, थोडक्यात पेन. आणि आपल्या रायगड जिल्ह्यात पेण नावाचं गाव आहे, गणपतीच्या मूर्तींसाठी जगाला ठाऊक. त्या पेणच्या डोंगरातल्या कातकरवाडीवरच्या पोराला पेन नंबर मिळतो. दिवाळी झाली की त्याचे आईबाप वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. पोरही त्यांच्यामागं जातं. नंबर मात्र शाळेच्या कॉम्प्युटरात एकटाच बसून राहतो.

या पानावर आम्ही खून, बहिष्कार, मोर्चे, लाठीमार यांवर लिहितो. या वेळी पोर्टल, कोड आणि रकाने यांवर लिहितोय. काही दोस्त म्हणतील, हा काय कारकुनी विषय? असू दे कारकुनी. आपल्या बापजाद्यांचा निकाल कारकुनाच्या टेबलावरच लागत आलाय. आता ते टेबल कॉम्प्युटरात गेलंय, एवढंच.

आधी ही यंत्रणा समजून घेऊ. शिक्षण हा विषय मुळात राज्याचा. १९७६ साली, ऐन आणीबाणीत ४२वी घटनादुरुस्ती झाली आणि तो समाईक यादीत गेला. तेव्हापासून एका पोराला दोन मालक. कॉम्प्युटर आला तशी दोघांनी वेगवेगळी वही घातली. केंद्राची वही यूडायस. २०१२-१३ पासून ती चालू आहे, २०१८-१९ ला तिची यूडायस प्लस झाली आणि २०२२-२३ पासून शाळेच्या बेरजेऐवजी एकेका पोराची माहिती नावानिशी तिच्यात भरली जाते. राज्याची वही सरल, २०१५ ची. तिच्यात त्याच पोराला वेगळा, एकोणीस आकडी नंबर. वर आधारचा बारा आकडी. त्यावर २०२३ पासून अपारचा आणखी एक बारा आकडी, 'एक देश, एक विद्यार्थी ओळख' या घोषणेसकट. एक देश, एक विद्यार्थी आणि नंबर चार! पुढं कॉलेजात गेलात की शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी आहेच.

शाळेलाही अकरा आकडी कोड आहे. पहिले २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढचे २४ म्हणजे रायगड, मग तालुका, मग गाव, शेवटी शाळा. यात वाईट काय? काहीच नाही. एवढ्या मोठ्या देशात एक माप लागतंच.

रोह्याला लागून धाटावची एमआयडीसी आहे. तिथल्या कुठल्याही फिटरला विचारा, मानक म्हणजे काय. तो सांगेल, एका कंपनीचा नट दुसऱ्या कंपनीच्या बोल्टात बसला पाहिजे, दोन पाइपांच्या फ्लँजची भोकं जुळली पाहिजेत, नाहीतर गळती ठरलेली. शिक्षणाच्या कॉम्प्युटरांनाही असंच माप लागतं. नाव कसं लिहायचं, जन्मतारीख कशी लिहायची, जातीधर्माचे रकाने कोणते, एका पोर्टलनं दुसऱ्याला माहिती कशी द्यायची. २०२१ साली केंद्रानं नॅशनल डिजिटल एज्युकेशन आर्किटेक्चर नावाचा आराखडाच काढला. राज्यांनी आपापल्या यंत्रणा चालवाव्यात पण त्या एकमेकींशी बोलाव्यात, असा त्याचा मतलब. कागदावर झकास. पण धाटावात फ्लँज जुळली नाही तर फिटर फ्लँज बदलतो. इथं रकाना जुळला नाही तर पोराला बदलून या म्हणतात.

कसं ते सांगतो. मी रविवारी दिवा-रोहा गाडीनं या भागात जातो. पेण, कासू, नागोठणे, रोहा. वस्तीतल्या समाजमंदिरात पोरांचे फॉर्म भरायला बसतो. समजा, वाघमारे आडनावाचं पोर आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात आडनाव आधी, आधारवर शेवटी. एका कागदावर इंग्रजीत डब्ल्यूचा वाघमारे, दुसऱ्यावर व्हीचा. शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख ठोकून दिली १ जून. महाराष्ट्रातली निम्मी गरीब जनता १ जूनलाच जन्मली की काय असं वाटावं! आधारवाल्यानं लावली १ जानेवारी. पोर तेच, बाप तोच, वाडी तीच. कॉम्प्युटर म्हणतो, जुळत नाही.

मग त्याची आय मजुरी पाडून तालुक्याला येते. आधार केंद्रवाला म्हणतो, शाळेचा दाखला आणा. शाळा म्हणते, आधारप्रमाणे दाखला देता येत नाही, रजिस्टरातली नोंद बदलायला वरची मंजुरी लागते. वरचा म्हणतो, सर्व्हर डाऊन आहे. जी दोन सरकारी यंत्रांची जोडणी दिल्ली-मुंबईच्या एसी ऑफिसात बसून व्हायला हवी, ती ही बाई पायांनी करते, एसटीच्या तिकिटावर आणि बुडालेल्या रोजावर. जोडणी सरकारची, हेलपाटे आमचे.

भट्टीवर गेलेल्या पोराचं याहून वाईट. नव्या गावच्या शाळेनं त्याला घ्यायचं तर जुन्या शाळेनं कॉम्प्युटरात त्याला सोडायला हवं. जुनी शाळा सोडायला का-कू करते, कारण पटावर शिक्षकांची पदं ठरतात. पट घटला की मास्तर अतिरिक्त. मास्तरलाही मी एकट्याला दोष देत नाही. तीच माहिती सरलला भर, तीच यूडायसला भर, वर रोजचे अहवाल. त्याला शिकवायला वेळ ठेवलाय कुणी? खरं तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं ५वं कलम सांगतं की दाखला यायला उशीर झाला हे प्रवेश नाकारायचं कारण होऊ शकत नाही. १४वं कलम सांगतं की वयाचा पुरावा नाही म्हणून पोराला परत पाठवता येत नाही. कायदा पोराच्या बाजूला आहे आणि कॉम्प्युटर कायद्याच्या विरुद्ध.

आता आपल्या जातीचा रकाना बघा. १९५६ ला बाबासाहेबांनी धम्म दिला. त्यानंतर कुणाच्या दाखल्यावर महार राहिलं, कुणाच्या हिंदू महार, कुणाच्या नवबौद्ध, कुणाच्या नुसतं बौद्ध. महाराष्ट्र सरकारनं १९६० नंतर बौद्धांच्या सवलती मान्य केल्या, केंद्रानं त्यासाठी १९९० उजाडू दिलं. आज जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आज्याच्या कागदावर एक शब्द, बापाच्या कागदावर दुसरा, पोराच्या कागदावर तिसरा. त्या तीन शब्दांत आपल्या समाजाचं अख्खं बंड आहे. कॉम्प्युटरला ते बंड दिसत नाही. त्याला चूक दिसते.

माझ्या चुलत भावाची शिष्यवृत्ती अशीच एक वर्ष अडकली. कॉलेजनं गुणपत्रिका दाबून ठेवली. फी भरली तेव्हा सुटली. भरली कुठून, तर आईच्या गळ्यातून. ज्या शिष्यवृत्तीची सुरुवात १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना झाली, तिची ही आजची दशा. २०२० च्या डिसेंबरात केंद्रानं ठरवलं की ६० टक्के पैसा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, आणि तो आधारमार्फत थेट पोराच्या खात्यात. मधले दलाल तुटले, चांगलं झालं. पण दोन सरकारांचा पैसा दोन वेळेला येतो आणि खातं आधारशी जोडलेलं नसलं तर येतच नाही. कॉलेज मात्र पहिल्याच दिवशी फी मागतं.

मग नंबर नकोच म्हणायचं का? नाही. मी तसं म्हणणार नाही. २०११ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रानं पटपडताळणी केली तेव्हा सुमारे २० लाख पोरं फक्त कागदावर सापडली. ती पोरं आपली नव्हती, शिक्षणसम्राटांची होती. खोट्या पटावर त्यांनी अनुदानं खाल्ली, खिचडीचा तांदूळ खाल्ला. असल्या चोरांना पकडायला एकेका पोराची खरी नोंद हवीच. आपल्यालाच ती सगळ्यात जास्त हवी, कारण शाळाबाह्य पोरं कुणाची हे मोजलं गेलं तरच जाब विचारता येतो.

पण मोजणीचं पुढं काय झालं ते बघा. केंद्राच्याच आकड्यांप्रमाणे २०२१-२२ ला देशभरच्या शाळांत २६ कोटी ५२ लाख पोरं होती. एकेक नाव भरायला लागल्यावर २०२३-२४ ला ती २४ कोटी ८० लाखांवर आली. पावणेदोन कोटी पोरं गेली. सरकार म्हणतं, मोजायची पद्धत बदलली, दोनदा लिहिलेली नावं गळली, तुलना करू नका. असेल. पण त्यातली खोटी किती आणि वाडीवरून भट्टीवर गेलेली खरी किती, याचा हिशेब कोण देणार? गळालेलं प्रत्येक नाव खोटंच होतं असं धरून चालणारं यंत्र चोर पकडत नाही, गरीब पुसतं.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला. न्याय मुलाच्या बाजूनं आहे हे मुंबई सरकारनं कबूल केलं आणि तरी हात वर केले. एकासाठी बाकीच्यांची शाळा मोडायला नको म्हणून. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी ही हकीकत पुढं मांडली. तेव्हा नाही म्हणणाऱ्याला तोंड होतं, नाव होतं, त्याच्या दारावर मोर्चा नेता येत होता. आज नाही म्हणायला पडदा आहे. लाल अक्षरात एक ओळ येते आणि टेबलामागचा माणूस खांदे उडवतो, मी काय करू, सिस्टीम घेत नाय. सिस्टीम आकाशातून पडलेली नाही, गड्यांनो. रकाना कुणीतरी माणसानंच आखलाय. आणि तो आखायला बसलेल्या टेबलाभोवती कातकरी नव्हता, आपल्या वस्तीवरची बाई नव्हती, एकशिक्षकी शाळेचा मास्तर नव्हता.

आणि ही माहिती राहते कुठं? अपार ऐच्छिक आहे म्हणतात, पालकाची संमती घेतात. पण ९ आणि १० डिसेंबर २०२४ ला देशभर 'मेगा अपार दिवस' करायचा आणि शाळांना आकडा पुरा करायला लावायचा, यात ऐच्छिक काय राहिलं? २०२३ साली केंद्राच्या दीक्षा ॲपच्या साठ्यातली लाखो शिक्षकांची आणि पोरांची माहिती उघड्यावर पडल्याच्या बातम्या आल्या. आपल्या पोराची जात, आधार, शाळा एका जागी बांधून ठेवताना कुलूप कुणाच्या हातात, हे विचारायचा हक्क अंगठा उठवणाऱ्या बापालाही आहे.

म्हणून आमचं म्हणणं स्पष्ट आहे.

एक : माहिती एकदाच भरायची. सरल आणि यूडायस यांनी ती आपसात घ्यावी. मास्तरला कारकून करू नका.

दोन : मराठी नाव हेच मूळ नाव. इंग्रजी स्पेलिंग, आडनावाची जागा, १ जून-१ जानेवारी यांच्या फरकावरून एकही अर्ज बाद करायचा नाही. दुरुस्ती शाळेतच, फुकट, ठरलेल्या मुदतीत.

तीन : आधी हक्क, मग नंबर. प्रवेश, पुस्तक, जेवण, शिष्यवृत्ती यांतलं काहीही नंबरासाठी अडवायचं नाही. आधार नाही म्हणून पोराला शाळेत नाकारता येत नाही, त्याचा लाभ तोडता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २६ सप्टेंबर २०१८ लाच सांगून ठेवलंय.

चार : पोर जिथं, नंबर तिथं. नव्या शाळेनं नाव घातलं की जुनीला नुसती खबर जावी, तिची परवानगी लागू नये. स्थलांतर करणाऱ्या पोरांसाठी काढलेलं शिक्षण हमी कार्ड कॉम्प्युटरनं मानलं पाहिजे.

पाच : प्रत्येक तालुक्यात किती अर्ज नाकारले आणि का, याची यादी गावसभेत मराठीत वाचून दाखवा. आणि रकाने ठरवणाऱ्या समितीत ज्यांच्यासाठी रकाने आहेत त्यांना बसवा.

आता तुमच्याशी, शहरातल्या दोस्तांशी. आपल्यातले कितीतरी जण आज ठाणे-बेलापूर, हिंजवडीत याच कॉम्प्युटरांवर पोट भरतात. डेटा, सर्व्हर, कोड हे शब्द तुम्हाला पाठ आहेत. ज्या विद्येनं दार बंद होतं तीच विद्या आता आपल्या हातात आहे. १८८२ साली जोतीरावांनी हंटर कमिशनला निवेदन दिलं तेव्हा रयतेच्या पैशावर वरच्यांचं शिक्षण कसं चालतं याचा हिशेबच समोर ठेवला होता. आपणही हिशेब ठेवू. महिन्यातला एक रविवार द्या. पेणला या, रोह्याला या. आम्ही एक साधी वही घातली आहे, नाकारलेल्यांची. तिच्यात फक्त पोराचं नाव, कुठल्या पडद्यानं काय म्हणून नाकारलं, आणि त्याच्या आयशीचे किती रोज बुडाले, एवढंच लिहायचं. वही भरली की ती घेऊन आधी पंचायत समितीवर, मग पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयावर, आणि तिथं भागलं नाही तर मंत्रालयावर.

याच जिल्ह्यात महाडला १९२७ साली लोकांनी तळ्याचं पाणी प्यायला कुणाकडं पास मागितला नव्हता. शाळेची पायरीही आपलीच आहे. ती चढायला नंबर जुळायची वाट बघायची नाही.

जयभीम!