चार विसा, दहा आणि नऊ

पॅरिसला शिकायला निघालेल्या मुलीच्या सामानात आई मेतकूट भरते आणि वडील शब्दकोश. मेतकूट पंधरा दिवसांत संपते. शब्दकोश मात्र तस्साच राहतो, कारण फ्रेंच शब्दाच्या शेवटची व्यंजने बहुधा नुसती लिहायची असतात, उच्चारायची नसतात. डोळ्यांना ओळखीचा शब्द कानांना परका!

आकडे तर विचारूच नका. नव्व्याण्णवला हे लोक म्हणतात 'कात्र-व्हँ-दीझ-नफ', म्हणजे चार विसा, दहा आणि नऊ. भाड्याच्या आकड्याची बेरीज होईपर्यंत घरमालकीणबाई पुढच्या वाक्याला पोचलेल्या असतात. विसांनी मोजणाऱ्या आपल्या आजीला हे चटकन उमगले असते. शेजारच्या बेल्जममध्ये नव्वदाला सरळ 'नोनांत' म्हणतात. पण हट्ट पॅरिसचा ना!

चंद्र तिथे स्त्रीलिंगी. म्हणजे आपला चांदोमामा तिकडे मावशी. तेही पाठ होते. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद तर आपल्याला घरचाच. दुकानात शिरताना आधी 'बाँझूर' म्हणायची सवय मात्र मुद्दाम लावावी लागते. ते विसरलात, तर पाव मिळतो, पण कपाळावरच्या आठीसकट.

खरा धोका संध्याकाळचा. चार मराठी मुली एका खोलीत जमल्या, की पोह्यांना फोडणी बसते आणि फ्रेंच दाराबाहेर राहते. फ्रेंचमधून पदवी घ्यायची, तर बहुधा 'बी-२' पातळीचा दाखला लागतो; तो पोह्यांवर मिळत नाही. म्हणून, मुलीने कळवले, की खोलीतल्या व्हिएतनामी मैत्रिणीशी आज मोडक्या फ्रेंचमध्ये कडाक्याचे भांडण झाले, तर आईने घाबरू नये. खुशाल पेढे वाटावेत.