बाजारात स्वस्त काय, ताटात महाग काय?

पुण्यात शिकणारा मुलगा सुट्टीत माळशिरसला आला की घरात हिशेब निघतोच. मेथीची जुडी तिकडे केवढ्याला, इकडे केवढ्याला; दूध तिकडे कसे, इकडे कसे. गावाकडे स्वस्ताई आणि शहरात महागाई, असा त्याचा शेवट ठरलेला असतो. तो अर्धाच खरा आहे. पिशवीची किंमत आणि पिशवीतून मिळणारे पोषण यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

पाकीटबंद मालाचे पाहा. त्यावर छापलेली कमाल किंमत मुंबईला असते तीच नातेपुत्यालाही असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आणि फरसाण-नमकीनवरील १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पाकीटबंद डाळीवरही ५ टक्केच कर आहे. म्हणजे कराच्या दृष्टीने बिस्किट आणि डाळ आता एकाच रांगेत आहेत. सुट्या ताज्या भाजीवर कर नव्हताच, त्यामुळे तिला या बदलात काही मिळाले नाही. परिणामी भाजीच्या तुलनेत खाऊचे पाकीट अधिक स्वस्त झाले.

ताज्या मालाची गोष्ट उलटी आहे. त्याचा भाव जागा, हंगाम आणि वाहतूक यांवर ठरतो. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस, केळी, डाळिंब पिकते. पण फळांची प्रतवारी होऊन निवडक माल पुणे, मुंबईच्या बाजाराला किंवा निर्यातीला जातो. भाव तिकडे मिळतो, म्हणून माल तिकडे जातो. तरीही त्यातला मोठा वाटा मधल्या साखळीत जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार, ग्राहकाने केळीसाठी मोजलेल्या रुपयातले सुमारे ३१ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. टोमॅटोत ३३, कांद्यात ३६ पैसे.

गावाकडची खरी मिळकत आहे ती ताजेपणाची. पालक, मेथीतील 'क' जीवनसत्त्व उष्ण हवेत एक-दोन दिवसांतच बरेच घटते. सकाळी खुडलेली आणि संध्याकाळी शिजलेली भाजी म्हणूनच वरचढ ठरते. लोह आणि तंतुमय घटक मात्र प्रवासात फारसे कमी होत नाहीत, त्यामुळे शहरातली भाजी निरुपयोगी असते असे मुळीच नाही.

प्रश्न आहे तो ही मिळकत ताटात किती उतरते, याचा. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भारताचा दरडोई मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला. त्यातला ९.८४ टक्के हिस्सा चहा-पेये, तयार आणि पाकीटबंद पदार्थांवर गेला. भाज्यांवर ६.०३ आणि फळांवर ३.८५ टक्के, म्हणजे दोन्ही मिळून जवळपास तेवढाच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे मात्र अर्धे ताट भाज्या-फळांचे असावे, असे सांगतात.

धान्याचेही तसेच. कालव्याच्या पट्ट्यात ऊस वाढत गेला, तशी अनेक घरांत भाकरीची ज्वारी विकत आणावी लागू लागली. रेशनचे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. ज्वारीला पैसे पडतात. याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतुमय घटक आणि ४ मिलिग्रॅम लोह असते. तेवढ्याच मैद्यात तंतुमय घटक ३ ग्रॅमच्या आत आणि लोह २ मिलिग्रॅमच्या आत. बिस्किट, पाव, खारी यांत वापरला जातो तो बहुधा मैदाच.

याची किंमत दवाखान्यात मोजावी लागते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला आणि २३.४ टक्के महिलांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. पोट भरते, पण पोषण होत नाही, याची ही दोन टोके.

मग तुलना करायची कशी? पहिली सवय किलोचा दर काढण्याची. दहा रुपयांच्या वेफर्सच्या पाकिटावर २५ ग्रॅम वजन असेल, तर किलोला ४०० रुपये पडले. शेंगदाणे त्याच्या निम्म्याहून कमी दराने मिळतात आणि शंभर ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने देतात. सोलापुरी शेंगदाणा चटणी, मोड आलेली मटकी, भाकरी आणि एक पालेभाजी हे ताट शहरातही जमते, गावात तर सहज जमावे. दुसरी सवय हंगाम पाहण्याची: भाजीची आवक वाढते तेव्हा ती स्वस्तही असते आणि ताजीही.

अर्थात सगळा भार गृहिणीच्या हिशेबावर टाकून चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अन्नसुरक्षा अहवालानुसार, २०२२ मध्ये ५५.६ टक्के भारतीयांना सकस आहार परवडत नव्हता. रेशनवर ज्वारी आणि डाळ, शाळेच्या पोषण आहारात स्थानिक भाजीपाला, तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांना थेट विक्रीसाठी जागा, अशा उपायांशिवाय ताटातील फरक मिटणार नाही. जिथे पिकते तिथल्या मुलांच्या ताटात ते पोहोचले, तरच गावाकडची स्वस्ताई खरी म्हणता येईल.