संज्ञापनाची पूर्वतयारी आणि आहुप्याची मुले

परीक्षांचे निकाल लागले की वृत्तपत्रविद्या व संज्ञापन या विषयाच्या अभ्यासक्रमांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांची लगबग सुरू होते. हा विषय आता केवळ वार्ताहर घडविणारा राहिलेला नाही. आकाशवाणी, दूरचित्रवाणी, जाहिरात, शासनाचे माहिती खाते, आरोग्यप्रसार, शेतीविस्तार, आपत्तीनिवारण अशा अनेक वाटा त्यातून फुटतात. पुणे विद्यापीठाने हा विभाग १९६४ साली सुरू केला आणि ‘रानडे इन्स्टिट्यूट’ या नावाने तो सर्वांच्या तोंडी झाला. परंतु त्याच पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, आंबेगाव तालुक्यात, सह्याद्रीच्या ऐन धारेवर वसलेल्या आहुपे गावच्या मुलाला या विषयाचे दार कितपत उघडे आहे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

दार उघडे नाही असे कागदोपत्री कोणी म्हणणार नाही. राखीव जागा आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, वसतिगृहे आहेत. अडचण दाराच्या अलीकडची आहे. या अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेत चालू घडामोडींचे ज्ञान, भाषेवरील पकड, दिलेल्या उताऱ्याचा सारांश आणि एखाद्या प्रश्नावर सुसंगत मत मांडण्याची ताकद पाहिली जाते. शहरातील मुलाच्या घरी रोज सकाळी वृत्तपत्र येते आणि जेवताना त्यावर वाद होतो, म्हणजे त्याची निम्मी तयारी नकळतच झालेली असते. डिंभे धरणाच्या जलाशयापलीकडील आश्रमशाळेत शिकलेल्या मुलाला ही तयारी कोणी करून दिली नाही, तर ती होत नाही. मग परीक्षेच्या आधी महिनाभर संभाव्य प्रश्नांची पुस्तिका पाठ करणे एवढेच त्याच्या हाती उरते. या विषयाला त्या घोकंपट्टीइतकी निरुपयोगी दुसरी वस्तू नाही.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. आदिवासी भागातील मुलाने आधी पोटापाण्याची शाश्वत नोकरी पाहावी. तलाठी, शिक्षक, पोलीस यांची वाट सोडून वृत्तपत्रांच्या अस्थिर धंद्यात त्याला का ढकलावे? आक्षेप हेतुपुरस्सर नाही आणि त्यातील आर्थिक चिंता खोटीही नाही. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. संज्ञापन ही शहराची गरज आहे, डोंगरातील गावाला तिचे काय काम, असे ते गृहीतक होय. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे आणि तिचा पुरावा आहुप्याच्याच परिसरात आहे.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. ही वार्ता जगाला कळली ती कोणत्याही यंत्रणेमार्फत नव्हे. त्या रस्त्याने गाडी नेणाऱ्या एस. टी.च्या चालकाला नेहमीचे गाव जागेवर दिसेना, तेव्हा ती बाहेर गेली. पुढे बातम्यांचा पूर आला. कारणांची चर्चा करताना अतिवृष्टी, वृक्षतोड, धरण यांच्याबरोबर ‘पडकई’ हा शब्दही वृत्तपत्रांतून झळकला. उतारावरील जमीन एकमेकांच्या श्रमाने सपाट करून भाताची खाचरे काढण्याची ही या भागातील जुनी रीत. पुढे तिला सरकारी योजनेचे रूप आले आणि यंत्रेही डोंगरावर चढली. परंपरेतील पडकई आणि यंत्राने केलेले सपाटीकरण यांतील फरक जाणणारे किती वार्ताहर त्या दिवसांत तेथे होते? दोन्हींना एकच नाव देऊन दोष वाटणे सोपे होते. ज्याच्या घरच्यांनी पडकईत घाम गाळला आहे असा एखादा प्रशिक्षित बातमीदार तेथे असता, तर त्याने वाचकाला हा भेद सांगितला असता.

हिरड्याचेही तसेच. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी पट्ट्यातील कित्येक कुटुंबांची रोकड मिळकत हिरड्यावर असते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने कोकणातील आंबा-नारळाच्या बागा झोडपल्या, हे साऱ्या महाराष्ट्राला कळले. घाटमाथ्यावरील हिरड्याचे नुकसान मात्र आंदोलने करून सांगावे लागले. नुकसान झाले हे जसे सत्य, तसेच ते सांगणारा कोणी नसला तर भरपाईच्या यादीत ते येत नाही, हेही सत्य. संज्ञापनाचे शिक्षण ही आहुप्याला चैन नव्हे, असे म्हणावयाचे ते या अर्थाने.

मग पूर्वतयारी कशी करावी? तिचा एक नमुना पुणे जिल्ह्याने सत्तर वर्षांपूर्वीच जगाला दाखविला आहे. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साह्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापिली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, गावकरी एकत्र बसून अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे धाडीत. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ हे त्या उपक्रमाचे सूत्र होते. पॉल नॉयराथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली त्याचा अभ्यास झाला. ज्या गावांत नुसता रेडिओ होता, त्यांच्या मानाने चर्चा करणाऱ्या गावांतील माणसांच्या ज्ञानात पुष्कळ अधिक भर पडली, असा निष्कर्ष निघाला. संज्ञापनशास्त्राच्या जागतिक ग्रंथांतून आज हा प्रयोग शिकविला जातो. आपल्या मुलांना मात्र तो परका सिद्धान्त म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी भेटतो.

हेच सूत्र वर्गात आणावे. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत आठवड्यातून एक तास पुरे. दोन मराठी आणि एक इंग्रजी वृत्तपत्र घ्यावे. एकच बातमी तिन्हींत कशी आली, कोणाचे म्हणणे आले आणि कोणाचे गळले, हे मुलांनी बोलून दाखवावे. त्याच बातमीचा शंभर शब्दांत सारांश लिहावा. इंग्रजीची धास्ती संभाषणाच्या वर्गाने जात नाही. रोज एक परिच्छेद मराठीत उतरविण्याने ती जाते. ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. बाळशास्त्री जांभेकरांपासून आपली पत्रकारिता दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभी आहे. आहुप्याच्या मुलाला तर घरची बोली आणि शाळेची प्रमाण मराठी अशा दोन तऱ्हा लहानपणापासून अवगत असतात. एकीतून दुसरीत अर्थ नेण्याची सवय हे त्याचे भांडवल आहे. शिक्षकांनी त्याच्या बोलीला हसणे तेवढे थांबवावे.

सिद्धान्तांचीही भीती नको. कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला सांगतो आणि त्याचा परिणाम काय होतो, हे हॅरल्ड लासवेल यांनी १९४८ साली मांडलेले प्रश्न ग्रामसभेच्या नोटिशीला लावून पाहावेत. नोटीस कोणी काढली, कोठे चिकटविली, किती जणांना वाचता आली, किती जण सभेला आले? एका दुपारच्या चौकशीत मुलाला जे कळेल, ते तो जन्मभर विसरणार नाही. गावातील वृद्धाला पडकईविषयी, बाईला हिरड्याच्या भावाविषयी, चालकाला रस्त्याविषयी प्रश्न विचारून उत्तरे पडताळणे आणि भित्तिपत्रकावर नावानिशी लिहिणे, ही मुलाखतीची आणि वार्तालेखनाची पहिली पायरी आहे. हातातल्या भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी ‘हे कोणी पाहिले?’ असे विचारण्याची सवय तर आज प्रत्येकालाच लावावयास हवी.

या कामाला मोठा पैसा लागत नाही. तीन वृत्तपत्रांची वर्गणी, कागद आणि एक आस्थेवाईक शिक्षक एवढी सामग्री पुरते. घोडेगाव आणि मंचर येथील महाविद्यालयांनी सुटीच्या दिवसांत आठवडाभराचे शिबिर घेतले आणि विद्यापीठातील संज्ञापनाचे विद्यार्थी त्यात शिकवावयास आले, तर दोघांचेही शिक्षण होईल. शहरी विद्यार्थ्याला डोंगरातील जीवन पुस्तकाबाहेर दिसेल.

आणखी एक गोष्ट कार्यालयांत काम करणाऱ्या मंडळींसाठी. घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, महाविद्यालयांत लिपिक आहेत. जातवैधता प्रमाणपत्राला लागणारा काळ, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, वसतिगृहाची यादी, प्रवेशपरीक्षेची तारीख ही साधी माहिती अनेकदा मुलापर्यंत पोहोचते ती मुदत उलटल्यावर. संकेतस्थळावर टाकले म्हणजे कळविले, अशी समजूत करून घेणे हा संज्ञापनाचा मूळ धडाच विसरणे होय. निरोप धाडणाऱ्याचे काम तो पोहोचल्यावर संपते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज आणि जाळे दोन्ही बेभरवशाचे. तेथे एस. टी.बरोबर पाठविलेला आणि आश्रमशाळेच्या फळ्यावर लिहिलेला चार ओळींचा कागद एखाद्या मुलाचे वर्ष वाचवील.

प्रत्येक मुलाने पत्रकार व्हावे असा आग्रह येथे नाही. अशी तयारी झालेला मुलगा पुढे तलाठी झाला तरी त्याचा पंचनामा नेमका होईल. मुलगी परिचारिका झाली तरी तिचे सांगणे आईला समजेल. मात्र ज्यांना या विषयाकडे जावयाचे आहे, त्यांची वाट तयारीअभावी अडू नये. घोड नदी आहुप्याच्या डोंगरात उगम पावते आणि तिचे पाणी धरणातून खालच्या शिवारांना मिळते. त्या डोंगरातील माणसांचे म्हणणेही तसेच खाली यावयास हवे. येत्या शैक्षणिक वर्षी एका तरी शाळेने आठवड्याचा तो एक तास वेळापत्रकात घालावा. आरंभाला तेवढे पुरे आहे.