निषेध करा, पण मुलाचा चेहरा दाखवू नका

जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात विहिरीत पोहल्याच्या कारणावरून अल्पवयीन मुलांना नग्न करून मारहाण झाली. त्याचे मोबाइलवर चित्रीकरण झाले आणि काही दिवसांत ती क्लिप देशभर फिरली. आरोपींना अटक झाली. पण मुलांची धिंड मोबाइलच्या पडद्यावर सुरूच राहिली, आणि ती पुढे पाठवणाऱ्यांत त्यांच्याबद्दल कळवळा असणारेच जास्त असावेत.

काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष राहुल गांधी यांनीही निषेध म्हणून हा व्हिडिओ ट्विट केला. मुलांची ओळख उघड केल्याच्या तक्रारीवरून महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाने त्यांना नोटीस काढली. क्लिप हजारोंनी पुढे ढकलली असताना नोटीस एकाच नेत्याला का, हा प्रश्न रास्त आहे. आयोगाचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही. (त्या गावाचे नाव इथे मुद्दाम दिलेले नाही. लहान गावात गाव कळले की घर कळायला वेळ लागत नाही.)

कायदा याबाबत मोघम नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार पीडित, साक्षीदार किंवा कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाचे नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम २३ मध्येही अशीच मनाई आहे. त्याच वर्षी कठुआच्या बलात्कार-खून प्रकरणात पीडित बालिकेची ओळख उघड करणाऱ्या माध्यमसंस्थांना दिल्ली उच्च न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख रुपये भरायला लावले. त्यांत मोठी नावे होती. तिथेही बहुतेकांचा हेतू न्याय मागण्याचाच होता.

हेतू चांगला असला की संमतीची गरज उरत नाही, असे आपण धरूनच चालतो. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी पुढारी जातो, तेव्हा कॅमेऱ्यासमोर रडणारे पोर ओढून आणले जाते. जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्यावाटप होते. चार वह्या हातात धरलेली मुलगी मध्ये आणि दोन्ही बाजूंना डझनभर कार्यकर्ते. आपल्या घरची गरिबी त्या फोटोतून साऱ्या तालुक्याला कळावी, हे तिला कुणी विचारलेले नसते. हरवलेल्या मुलाची पोस्ट, शाळेच्या नावासह आणि वडिलांच्या मोबाइल नंबरासह, मूल घरी परतल्यावरही फिरत राहते.

आणि घरचे? चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पाच वर्षांच्या ‘युवराजां’चा फोटो, खाली जन्मतारीख. स्टेटसला बाळाची आंघोळ, दहावीत कमी गुण पडले म्हणून बापाचा ओरडा आणि रडणाऱ्या मुलाची रील. यातले बरेचसे कौतुकापोटी होते, हे खरेच. पण आज घरी हसण्यावारी नेलेली ती रील उद्या वर्गातल्या पोरांच्या हाती पडते.

इथे कायदा हात आखडता घेतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी कंपन्यांनी पालकांची पडताळणीयोग्य संमती घ्यायची आहे. म्हणजे राखणदार पालकच. आणि वैयक्तिक किंवा घरगुती वापरासाठी माहिती हाताळणारी व्यक्ती कायद्याच्या कक्षेबाहेर! फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये वेगळी वाट धरली. मुलाच्या छबीचा हक्क जपणे ही आईवडिलांची संयुक्त जबाबदारी ठरवली आणि मुलाचे वय व समज पाहून त्यालाही विचारात घ्यायला सांगितले. दोघांत मतभेद झाल्यास न्यायाधीश एका पालकाला फोटो टाकण्यास मनाई करू शकतो.

दिल्लीत असा कायदा होईल तेव्हा होवो. तोवर शाळांना जूनमध्येच, प्रवेशाच्या वेळी, फोटोसाठी वेगळी लेखी परवानगी घेता येईल. समज असलेल्या मुलालाही विचारता येईल आणि नकार दिलेल्या मुलाला स्नेहसंमेलनातून न वगळता फक्त फोटोतून वगळता येईल. वृत्तपत्रांच्या जिल्हा पानांनी साहित्यवाटपाचे फोटो मुलांशिवायचेच मागवावेत. वाटणाऱ्यांची त्याला हरकत नसावी. त्यांचे चेहरे तसेही पुढच्याच रांगेत असतात.