विद्यापीठातील शोध आणि शेतकऱ्याचे हित

संशोधन शेतात उतरल्याखेरीज पुरे होत नाही, हे वाक्य शेतकरी मेळाव्यांतून वारंवार ऐकू येते. ते खरेही आहे. तथापि प्रयोगशाळेपासून बांधापर्यंतची वाट कोणी बांधावयाची आणि तिचा खर्च कोणी सोसावयाचा, याचा विचार क्वचितच होतो. शोधाचे पेटंट घेणे, ते कारखानदारास परवान्याने देणे, अथवा त्याच्या आधारे नवी कंपनी उभारणे, ही आता विद्यापीठांच्या कामकाजाचीच बाब होऊ लागली आहे. हा केवळ शास्त्रज्ञांचा आणि व्यापाऱ्यांचा मामला आहे असे समजून शेतकऱ्याने तिकडे पाठ फिरविणे हिताचे नाही.

विस्कॉन्सिनचे उदाहरण

अमेरिकेतील विस्कॉन्सिन हे दुग्धव्यवसायाचे राज्य होय. तेथील विद्यापीठातील प्राध्यापक स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली दुधातील स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत शोधून काढली व पेटंट न घेता ती सर्वांस खुली केली. दुधात पाणी घालणाऱ्यास त्यामुळे आळा बसला आणि कसदार दूध घालणाऱ्यास योग्य मोल मिळू लागले.

त्याच विद्यापीठातील हॅरी स्टीनबॉक यांनी १९२० नंतरच्या दशकात, अतिनील किरणांनी खाद्यपदार्थांत ‘ड’ जीवनसत्त्व निर्माण करता येते, हे दाखवून दिले. मुलांच्या मुडदूस या रोगावर हा रामबाण उपाय होता. स्टीनबॉक यांनी मात्र पेटंट घेतले. अप्रामाणिक उत्पादकांच्या हाती ही प्रक्रिया पडू नये आणि तिचे उत्पन्न संशोधनाकडे परत यावे, हा त्यांचा हेतू होता. त्यासाठी १९२५ साली विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन केले. उत्पादकांस परवाने देणे आणि मिळालेले स्वामित्वधन विद्यापीठाच्या संशोधनास देणे, हे त्याचे कार्य ठरले.

पुढील कथा तर शेतकऱ्यापासूनच सुरू होते. फेब्रुवारी १९३३ मध्ये तेथील एक शेतकरी बर्फाच्या वादळातून सुमारे १९० मैलांचा प्रवास करून विद्यापीठात आला. मेलेली कालवड, न गोठणारे रक्त आणि ‘स्वीट क्लोव्हर’ या चाऱ्याची नासलेली वैरण त्याने बरोबर आणली होती. कार्ल पॉल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वैरणीतील रक्त न गोठू देणारे द्रव्य १९३९ साली वेगळे केले. त्याच मालिकेतील एक द्रव्य १९४८ साली उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले. प्रतिष्ठानाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘वॉरफरिन’ असे पडले. १९५४ पासून तेच द्रव्य रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून माणसांनाही दिले जाऊ लागले. गोठ्यातील एक अडचण अशा रीतीने जगाच्या उपयोगी पडली.

याच इतिहासाची दुसरी बाजूही आहे. लोण्याशी स्पर्धा होऊ नये म्हणून या प्रतिष्ठानाने वनस्पतिजन्य मार्गरीनच्या उत्पादकांस ‘ड’ जीवनसत्त्वाचा परवाना नाकारला. गोपालकांचे हित सांभाळले गेले, परंतु लोणी न परवडणाऱ्या गरिबांच्या मुलांचे काय? १९४० नंतरच्या दशकात न्यायालयाने ती पेटंटे अवैध ठरविली. चांगल्या हेतूने घेतलेला मक्ताही लोकहिताच्या आड येऊ शकतो, हे यावरून दिसते.

खुले काय ठेवावे, परवाना कशाचा द्यावा?

बॅबकॉक यांची पद्धत साध्या साधनांनी कोणत्याही दूधसंकलन केंद्रावर वापरता येत होती. ती खुली ठेवणे उचितच होते. परंतु जैविक कीडनाशक, पशुरोगावरील लस किंवा नवे अवजार यांचे तसे नाही. त्यांना कारखाना लागतो, चाचण्या लागतात आणि भांडवल लागते. केवळ निबंध छापून ठेवला तर भांडवल घालण्यास सहसा कोणी पुढे येत नाही. सबब शेतकरी जे स्वतः करू शकतो ते खुले असावे आणि ज्याला कारखान्याची गरज आहे त्यास परवाना असावा, हे तत्त्व सयुक्तिक वाटते. भारतीय पेटंट कायद्यानेही शेती व फळबागेच्या पद्धतींना पेटंट नाकारले आहे. वाणांसाठी २००१ चा स्वतंत्र कायदा असून, संरक्षित वाणाचे बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क त्यात मान्य केलेला आहे.

अमेरिकेत १९८० च्या कायद्याने सरकारी पैशातून झालेल्या शोधांची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली. भारतात तशा स्वरूपाचे विधेयक २००८ साली राज्यसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. तरीही भारतीय कृषी संशोधन परिषदेने २००६ साली बौद्धिक संपदेविषयी मार्गदर्शक तत्त्वे ठरविली आणि २०११ साली तंत्रज्ञान हस्तांतरणासाठी ‘अ‍ॅग्रीइनोव्हेट इंडिया’ ही कंपनी स्थापन झाली. वाट तयार होत आहे. आता तिचे नियम नीट घालून दिले पाहिजेत.

चार अटी

पहिली अट मक्त्याची. शक्य तेथे परवाना एकापेक्षा अधिक उत्पादकांस द्यावा. एकट्यास द्यावा लागलाच तर त्यास मुदत असावी आणि त्या मुदतीत माल बाजारात आला नाही तर परवाना आपोआप रद्द व्हावा. दुसरी अट दर्जाची. विद्यापीठाचे नाव वेष्टनावर छापले जात असेल तर त्या मालाची वेळोवेळी तपासणी करणे हे विद्यापीठाचे कर्तव्यच ठरते. तिसरी अट उत्पन्नाची. स्वामित्वधनाचा काही भाग, ज्यांत कोणासही नफा दिसत नाही अशा कोरडवाहू पिकांच्या संशोधनासाठी राखून ठेवावा.

चौथी अट सर्वांत महत्त्वाची. स्वतःच्या शोधावर शास्त्रज्ञाने किंवा विद्यार्थ्याने कंपनी काढणे गैर नाही. अशा अनेक कंपन्या बुडतात. त्यातही कमीपणा नाही. परंतु ज्याचा कंपनीत भाग आहे त्याने त्याच मालाची विद्यापीठातर्फे शिफारस करता कामा नये. ती शिफारस इतरांनी, इतरांच्या प्रक्षेत्रावरील चाचण्यांवरून करावी. ‘विद्यापीठाने सांगितले’ एवढ्या शब्दावर शेतकरी हंगामाचा खर्च करतो. हा विश्वास अनेक वर्षांच्या निरपेक्ष कामातून मिळालेला आहे. एकदा तो गेला तर कितीही स्वामित्वधन मिळाले तरी भरून येणार नाही.

शेतकरी बंधूंनीही आपला वाटा उचलावा. रोगट झाड, न उगवलेले बी, आजारी जनावर यांची हकिकत कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा विद्यापीठाकडे न्यावी. विद्यापीठाच्या नावाने माल विकत घेताना परवाना कोणाचा आहे व चाचणी कोठे झाली, हे विचारावे. संशोधनाचा खर्च करदात्यांनी दिलेला आहे. म्हणून हे विचारण्याचा शेतकऱ्यास पूर्ण अधिकार आहे.