पिवळ्या स्कूटरवरचा रॉकवाला
पणजीत १९५३ साली जन्मलेला रेमो फर्नांडिस मुंबईच्या सर जे. जे. मध्ये वास्तुकला शिकला, पण हात नकाशांपेक्षा गिटारीवर जास्त चालला आणि तो ‘द सॅव्हेजेस’ या तिथल्याच बँडमध्ये वाजवू लागला. सत्तरच्या दशकाअखेर युरोप आणि उत्तर आफ्रिका पायाखाली घालून तो गोव्यात परतला. खरी गंमत इथून सुरू होते. इंग्रजीत स्वतःची गाणी गाणारा देशी रॉकवाला रेकॉर्ड कंपन्यांना तेव्हा परवडत नव्हता. मग रेमोने १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम गोव्यातल्या शिवोलीच्या राहत्या घरीच चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केला. शब्द त्याचे, चाली त्याच्या, आवाज त्याचा, वाद्येही त्यानेच वाजवलेली. कॅसेटी दुकानोदुकानी पोचवणारी पिवळी स्कूटरसुद्धा त्याचीच. (निर्माता, वितरक आणि हमाल एकच असला की मानधनावरून भांडण होत नाही.) पुढे कंपन्यांना जाग आली. अमली पदार्थांविरुद्धचा ‘पॅक दॅट स्मॅक’ हा अल्बम आला, १९८७ च्या ‘जलवा’ने त्याला हिंदी सिनेमा दाखवला. वणी-पुसदकडच्या श्रोत्यांपर्यंत मात्र तो पोचला १९९५ च्या ‘बॉम्बे’मधल्या ‘हम्मा हम्मा’मुळे, आणि बहुतेकांसाठी तेवढाच राहिला. हा हिशेब साफ चुकीचा आहे: त्या एका फिल्मी गाण्यापेक्षा शिवोलीतली घरगुती कॅसेट कितीतरी मोठे काम आहे. नव्वदीत त्याने ‘मायक्रोवेव्ह पापडम्स’ नावाचा बँड चालवला, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली आणि नंतर त्याने पोर्तुगाल गाठले.