काटा खाली आला म्हणून इंजिन थंड झालं, असं नसतं

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. कांदे घेऊन मार्केटला जाणाऱ्या बऱ्याच जणांकडं माझ्यासारखीच जुनी डिझेल पिकअप आहे, म्हणून.

माझ्या गाडीचा टेंपरेचरचा काटा नाचायला लागला. कधी निम्म्यावर, कधी एकदम खाली. गॅरेजवाल्यानं सेन्सर बदलला. तरी नाचतोच. मग मीटर बदलला, जुन्या बाजारातला. आठ दिवसांनी घाटात भरल्या गाडीला काटा वर चढला आणि अचानक खाली पडला. मला वाटलं, चला, थंड झाली. तीन-चार किलोमीटरवर गाडीचा दम गेला, बॉनेटमधून वाफ. हेड गॅस्केट उडालं. कांदे दुसऱ्याच्या टेंपोत भरून पाठवावे लागले.

कारण काय निघालं? खालच्या होजपाईपला क्लिपजवळ बारीक चीर. पाणी थेंब थेंब जात होतं. सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. पाणी खाली गेलं की तो उघडा पडतो, आणि इंजिन तापलेलं असताना काटा मात्र खाली येतो. पाण्यात हवा शिरली की काटा नाचतो, तेही यामुळंच.

आपण पान पिवळं दिसलं की युरिया टाकणाऱ्याला हसतो. पण गाडीच्या बाबतीत आपण तेच करतो. काटा चुकला, बदल सेन्सर! माझं स्पष्ट मत आहे, पाणी बघितल्याशिवाय एक रुपयाचाही पार्ट बदलू नये. सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघायचं. तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही, तोंड भाजतं.

पाणी ठीक असेल तर एका वायरच्या जुन्या सेन्सरची तपासणी घरीच होते. चावी ऑन, इंजिन बंद. सेन्सरची वायर काढा, काटा थंडवर जायला पाहिजे. तीच वायर इंजिनच्या कोऱ्या लोखंडाला पाच-सात सेकंद टेकवा, काटा गरमकडं पळाला पाहिजे. पळाला तर मीटर आणि वायर चांगली, दोष सेन्सरकडं. हललाच नाही तर वायर, फ्यूज नाहीतर मीटर. डिझेलचा काटाही सोबत नाचत असेल तर आधी मीटरची अर्थिंग बघा. सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळतात, त्यानंही अर्थ तुटते आणि काटा खोटा दिसतो. (दोन वायरच्या, कॉम्प्युटरवाल्या नव्या गाडीवर हा प्रयोग करू नका.)

काटा वर चढतच नसेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असू शकतो. तो काढून गरम पाण्याच्या पातेल्यात सोडा. बहुतेक ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतात आणि गार झाले की मिटतात. काही मिस्त्री "काढूनच टाका, गाडी गार राहील" म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. इंजिन गारच पळतं, डिझेल जास्त खातं, झिजतंही लवकर.

आणि एक, बोअरचं क्षाराचं पाणी. ड्रिपच्या नळ्या चोंदतात म्हणून आपण ओरडतो, अन् तेच पाणी रेडिएटरमध्ये ओततो. सेन्सरवरही त्याचा थर बसतो. आता मी कूलंटच टाकतो.

काढलेला जुना मीटर परत बसवलाय. बरोबर चालतोय.